सव्वा फेरा

दहा वेळा दोरी ओढली.
अकराव्यांदा गिरमिट खोकलं,
चोक ओढलेला होता तोवर धडधडलं,
चोक सोडला, तशी मान टाकली.

म्हणजे ठिणगी आहे. प्लग काढून पाहिला,
ठणठणीत कोरडा.
पेट्रोल टाकीत आहे, पोचायला हवं तिथं पोचत नाही.
बत्तीस वर्षं गिम्लीच्या शाळेची बस हाकली मी.
इंजिन खोटं बोलत नाही. अर्धवट बोलतं,
उरलेलं आपण ऐकायचं.

आधी तंबूतली शेगडी विझवली.
पेट्रोल उघडायचं तर जवळ जाळ नको,
हे केटिलनंच शिकवलं,
स्वतःच्या भुवया जाळून घेतल्यावर.
बाहेर उणे सत्तावीस.
शेगडी गेली की थंडी दार शोधत बसत नाही,
खालून, बर्फातूनच वर येते.
हातमोजे काढले. चार स्क्रू.
प्रत्येक स्क्रू बोटाची थोडी कातडी ठेवून घेतो.

टाकीशी नाक नेलं. जुन्या रंगाच्या डब्याचा वास.
गेल्या मार्चपासून तसंच सोडलेलं.
नाव विकली तेव्हा वाटणीत
हे गिरमिट तेवढं राहून गेलं,
एक हिवाळा त्याचा, एक माझा.
त्याचा मुलगा दारात ठेवून जातो,
गाडी चालूच ठेवून, काच खाली न करता.
टाकी रिकामी करून ठेवायची! इतकं साधं!
मी शिव्या दिल्या, आजोबांच्या, आइसलँडच्या.
त्या भाषेतलं एवढंच आता
आमच्याकडे धडधाकट उरलंय.

कार्ब्युरेटर काडेपेटीएवढा.
आत पिवळा राळेचा थर, मध वाळल्यासारखा.
जेटचं भोक केसाएवढं, तेही बुजलेलं.
गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचा तुकडा
मी पाकिटात बाळगते, नोटांच्या मागे.
आत घातला, फिरवला, डोळ्यासमोर धरला.
भोकातून सरोवर दिसलं,
टाचणीच्या टोकाएवढं पांढरं.

सापडलं, म्हटलं. जोडलं. ओढलं.
खोकलं. मान टाकली.

पुन्हा चार स्क्रू.
या वेळी शिव्या नव्हत्या, त्यांनाही ऊब लागते.
झाकणाखालचं पॅकिंग उचललं,
तर ते पॅकिंग नव्हतंच.
पुठ्ठा होता, ओट्सच्या खोक्याचा,
कडेकडेनं ब्लेडनं कापलेला,
स्क्रूची भोकं खिळा तापवून पाडलेली,
एका कोपऱ्यात अजून निम्मा लाल घोडा.
आईच्या घरी तो एकच ब्रँड यायचा.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणजे नऊ हिवाळे, निदान,
त्याचे आणि माझे,
हे यंत्र त्या घोड्यावर चाललं
आणि मी दर वर्षी म्हणत राहिले
की केटिलला कशाची निगा ठेवता येत नाही.

घोड्याच्या मागच्या पायाशी चीर पडली होती.
तिथून हवा घुसत होती.

माझ्याजवळ खोकं होतं ते चहाचं.
चाकू बोथट, बोटं लाकडाची,
आकार त्याच्याइतका नीट आला नाही.
जुना पुठ्ठा फेकायला हात उचलला
आणि टोपीच्या घडीत ठेवला, का ते विचारू नका.

सुई बसेपर्यंत आत, अलगद,
मग सव्वा फेरा बाहेर.
दोरी ओढली.
लागलं.
चोक सोडला, तरी चालूच,
निळा धूर, तंबूभर थरथर, पाती फिरायला आसुसलेली.
पण वेग वाढवला की मध्येच दम लागायचा.

फोनला इथं जेमतेम एक रेघ मिळते.
तीन वर्षांत लावला नव्हता तो नंबर
बोटांना पाठ निघाला.
"हं," तो म्हणाला.
"पॅकिंग गेलं होतं. बदललं.
सुई सव्वा फेरा ठेवलीय."
पलीकडे किटली शिट्टी घालत होती.
ती त्यानं उतरवली, ऐकू आलं.
"किती आहे तिथं?"
"उणे सत्तावीस."
"मग दीड लागेल. हवा जड असते."
थांबला. "भुवया सांभाळ."

दीड केला.
दोन हात बर्फ गेला, भुसा उडवत, एका दमात.
भोकात काळं पाणी वर आलं, हललं, स्थिरावलं.

पिकरेल काही लागला नाही.
हातांना पेट्रोलचा वास असला
की तो आमिषाकडे ढुंकून बघत नाही,
हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल.